श्वासपटलाच्या पलीकडे

१

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरला दिवसभरात फारसं बोलावं लागत नाही. श्वास घ्या, रोखा, आता सोडा. एवढ्या तीन सूचनांवर माझी एकोणीस वर्षं निघाली. खोली अंधारी असते, पेशंट छताकडे बघत असतो आणि मी स्क्रीनकडे. बाकीचं बोलणं मावशींच्या वाट्याला. मावशी म्हणजे सेंटरच्या मदतनीस. पेशंटला टेबलावर घ्यायचं, कपडे सारून टॉवेल खोचायचा, काम झालं की पोटावरचं जेल पुसायला कागद द्यायचा, हे सगळं त्या करतात, आणि घाबरलेल्या माणसाला हसवायचं कामही त्यांनी आपणहून अंगावर घेतलंय. "जेल गार आहे हं," त्या प्रत्येकाला सांगतात, "डॉक्टर मात्र गरम आहेत."

त्या सकाळी तिसरा पेशंट एक गवंडी होता. पन्नाशीचा, काटक, नखांच्या कडांना सिमेंट बसलेलं. पोटात अधूनमधून दुखतं एवढीच तक्रार. मी उजव्या बरगडीखाली प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा दांडा, टेकवला आणि यकृत बघायला लागले. आठ सेंटिमीटर खोलीवर एक छोटा पांढरा ठिपका दिसला. रक्तवाहिन्यांचा एक निरुपद्रवी गोळा असतो, बऱ्याच जणांना असतो, जन्मभर काही त्रास देत नाही. आणि चौदा सेंटिमीटरवर त्याची नक्कल दिसली.

ही नक्कल म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

प्रोब आवाज पाठवतो. आपल्या कानाला ऐकू येणार नाही इतका उंच आवाज. तो शरीरात शिरतो आणि वाटेत जिथे एक प्रकारचं मांस संपून दुसरं सुरू होतं, तिथून थोडाथोडा परत फिरतो. मशीन फक्त वेळ मोजतं. शरीरात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर जातो एवढं त्याला शिकवलेलं असतं. गेल्या-आल्याचा वेळ धरून ते खोली काढतं आणि तिथे ठिपका मांडतं. आवाज सरळ गेला आणि सरळच परत आला, असं ते गृहीत धरतं. पण पोट आणि छाती यांच्यामध्ये श्वासपटल असतं, आणि त्याला लागून फुप्फुसातली हवा. हवेवर आपटलं की हा आवाज पुढे जात नाही, जवळजवळ सगळा मागे फिरतो. म्हणजे श्वासपटल हा आवाजाचा आरसाच. काही आवाज आरशावर आपटून ठिपक्याकडे जातो, तिथून पुन्हा आरशावर, आणि मग प्रोबकडे. साहजिकच उशिरा पोचतो. उशिरा आला म्हणजे लांबून आला, असं मशीनला वाटतं, आणि ते आरशाच्या पलीकडे आणखी एक ठिपका काढून ठेवतं. पलीकडे प्रत्यक्षात काही नसतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असतं.

"श्वास घ्या," मी म्हणाले. "रोखा."

गवंड्याने श्वास रोखला. आठवरचा ठिपका थांबला. चौदावरचा थांबला नाही. तो वरखाली होत राहिला, सावकाश, एका चालीत.

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. तुमचा श्वास सुटतोय का, असं विचारलं, तर त्याला ते लागलं. फरशी कापताना धुळीत मिनिटभर दम धरायची सवय आहे, म्हणाला. तिसऱ्यांदा मात्र उलटं झालं. पलीकडचा ठिपका अगदी स्तब्ध, आणि अलीकडचा हलतोय. आता दमला बिचारा, असं मनाशी म्हणत मी प्रोब उचलला आणि मावशींना कागद द्यायला सांगितलं.

२

दुपारी डबा खाताना मी गवंड्याच्या तपासणीची मशीनमध्ये साठवलेली क्लिप पुन्हा लावली. नक्कल स्वतःच्या मनाने हलते हे शक्य नाही. आरशासमोर आपण उभे राहिलो आणि आरशातल्याने डोकं खाजवलं, तर एक तर आरसा नाही किंवा आपण नाही. म्हणून मी कारणं शोधायला बसले. हृदयाचा धक्का असेल. पण हृदय मिनिटाला सत्तर वेळा हलतं आणि हे चौदा वेळा हलत होतं. मी तीन वेळा मोजलं. चौदा म्हणजे श्वासाचीच चाल. मग माझा हात असेल; मी श्वास घेते तेव्हा खांदा हलतो, खांद्याबरोबर प्रोब. पण हात हलला असता तर सगळंच चित्र हललं असतं.

ज्यांच्या हाताखाली शिकले त्या सरांना मी क्लिप पाठवली आणि फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, फुप्फुसाची कड सरकत असेल म्हणाले, आणि मग चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासलास असं विचारलं. मी हसले. बरं वाटलं. मोठ्या माणसाने आपल्याला वेड्यात काढलं की कधीकधी फार सुटल्यासारखं वाटतं.

संध्याकाळपर्यंत आणखी अठरा पेशंट झाले. एकाही नकलेने खोडी केली नाही. दुसऱ्या दिवशी एका शाळेच्या लेखनिक बाईंच्या बाबतीत मात्र पुन्हा तेच झालं. त्यांनी श्वास रोखलेला होता, गाल फुगवून, डोळे घट्ट मिटून, आणि आरशापलीकडची यकृताची करडी सावली चौदाच्या चालीने हलत होती. या वेळी मी स्वतःचाही श्वास रोखून पाहिला. माझं काही चुकत असलं तर ते थांबायला हवं होतं. ते थांबलं नाही. तिसऱ्यांदा करून बघायची माझी हिंमत झाली नाही.

मी मशीन बंद केलं आणि इंजिनिअरला बोलावलं.

३

इंजिनिअर दर सहा महिन्यांनी येणारा, बडबड्या, हातात कायम चौकोनी बॅग. त्या बॅगेत तपासणीचा ठोकळा असतो. जाडसर जेलीने भरलेला डबा आणि त्यात ठरलेल्या अंतरांवर ताणून बसवलेले बारीक दोरे. दोरे स्क्रीनवर जिथल्या तिथे दिसले की मशीन ठीक. मी त्याला क्लिप दाखवली. त्याने ती बघितली आणि एवढंच म्हणाला की मशीन कधी खोटं बोलत नाही, मॅडम, ते फक्त भोळं असतं. जे परत येतं ते त्याला खरं वाटतं.

ठोकळ्यावर सगळे दोरे जागच्या जागी निघाले. एक मिलिमीटरचाही फरक नाही. त्याने केबल हलवून पाहिली, पंख्यातला धूळ-कचरा काढला, दुसऱ्या खोलीतल्या मशीनची वायर याला लावून पाहिली. शेवटी प्रोब पुसून कोरडा केला आणि बाजूच्या खोबणीत अडकवला. मशीन चालूच होतं.

प्रोब हवेत असला की स्क्रीनवर वरती तीन-चार पांढरे पट्टे दिसतात आणि खाली काळोख. जेल लावायचं तेच मुळी यासाठी. मध्ये केसभर हवा राहिली तरी आवाज आत जात नाही. तेव्हा पट्टे दिसत होते आणि काळोखही होता. पण काळोखात, पंधरा सेंटिमीटरच्या खुणेपाशी, एक फिकट आडवी रेघ होती. ती वरखाली होत होती.

इंजिनिअर म्हणाला, आपल्या श्वासाने हवा हलत असेल. मी तोंडावर हात ठेवून श्वास रोखला. त्यानेही रोखला. खोलीत मशीनच्या पंख्याची घरघर तेवढी. रेघ वर गेली, खाली आली, वर गेली.

त्याने खिशातून पेन काढलं आणि एका जुन्या रिपोर्टच्या मागे आकडेमोड करायला लागला. कशाची, असं विचारल्यावर त्याने कागद माझ्याकडे सरकवला. मशीन दीड हजाराने हिशोब करतं, हवेत आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरसुद्धा जात नाही. म्हणजे साडेचार पट हळू. स्क्रीनवर पंधरा दिसतंय, तर हवेत ते अंतर पंधरा नाही.

"सव्वातीन सेंटिमीटर," तो म्हणाला. "म्हणजे इथे."

त्याने प्रोबच्या तोंडापासून दोन बोटं अंतर दाखवलं. तिथे काही नव्हतं. टेबलाची कड एका बाजूला, भिंत चांगली हातभर लांब. त्याने बोट त्या जागी नेलं, अर्ध्यात थांबवलं आणि परत घेतलं. त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की घाबरले आहे ती मीच. पण त्या बडबड्या माणसाने पुढची दहा मिनिटं तोंडातून शब्द न काढता बॅग भरली. जाताना म्हणाला की हा प्रोब मी घेऊन जातो, उद्या नवा बसवतो, तोवर वापरू नका. प्रोब त्याने बॅगेत ठेवला नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून अंगापासून हातभर लांब धरून नेला.

४

नवा प्रोब आला. आठ दिवस काही झालं नाही. नकला नकलांसारख्या वागत होत्या. मावशी म्हणाल्या, बाई, तुमचा चेहरा जरा माणसात आला.

तरीही एक गोष्ट मनातून जाईना, म्हणून मी गवंड्याच्या घरी फोन केला. महिन्याने पुन्हा तपासणी करून घ्या, असं सांगायचं निमित्त होतं. फोन त्याच्या बायकोने घेतला. दुखणं पार गेलं, म्हणाली, कामावरही जायला लागलेत. आवाजात आनंद होता, पण फोन ठेवायला ती तयार नव्हती. काहीतरी सांगायचं होतं आणि ते तक्रार म्हणून सांगता येत नव्हतं.

शेवटी तिने सांगितलं. फरशी कापताना धूळ उडते. आधी ते तोंडाला फडकं बांधायचे, दम धरायचे, तरी रात्रभर खोकायचे. आता फडकं बांधत नाहीत आणि दमही धरत नाहीत. पांढऱ्या धुरळ्यात तोंड घालून सरळ श्वास घेत बसतात. बरोबरचे लोक लांब पळतात.

"आणि खोकला?" मी विचारलं.

"तेच तर, डॉक्टर," ती म्हणाली. "एकदाही खोकले नाहीत."

लेखनिक बाईंना फोन करायला मी नंबर काढला. त्यांच्या बाबतीत पलीकडची सावली शेवटपर्यंत हलतच होती, उलटं व्हायच्या आत मी प्रोब उचलला होता. त्या आपल्या नेहमीसारख्या होत्या. जिने चढताना धाप लागते म्हणून कुरकुरल्या. त्या कुरकुरीने मला इतकं हायसं वाटलं की मी उगाच दहा मिनिटं त्यांच्याशी गुडघ्यांबद्दल बोलत बसले.

५

त्या आठवड्यात माझ्या दादाला ताप आला.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी सहावीत होते आणि तो नुकता घड्याळाच्या दुकानात लागला होता. माझी फी, माझी पुस्तकं, हॉस्टेल, सगळं त्या दुकानातून आलं. आता दुकान त्याचं स्वतःचं आहे. डोळ्याला भिंग लावून तो अजूनही हातघड्याळं उघडतो. त्यातले स्क्रू तिळाहून बारीक. चिमट्यात स्क्रू धरला की तो श्वास रोखायचा, आणि स्क्रू बसला की फुस्स करून सोडायचा. लहानपणी मी त्याच्या शेजारी बसून त्याच्याबरोबर श्वास रोखायचे आणि नेहमी हरायचे.

वहिनीचा फोन आला की उजव्या कुशीत कळा येताहेत, ताप एकशे दोन, आणि हे कुठे जायला तयार नाहीत. मी त्याला दुसऱ्या सेंटरला जायला सांगितलं. नाव दिलं, वेळही घेऊन दिली. तो रिक्षातून उतरला तो माझ्याच दारात.

"घरात स्वयंपाकीण असताना मी खानावळीत जेवू काय?" तो म्हणाला, आणि कळ आली म्हणून दरवाज्याला धरून उभा राहिला.

त्याला टेबलावर घेतलं. मावशींनी गार-गरमची गंमत केली, तो हसला. मी स्क्रीनवरची खोली कमी करून दहावर आणली. दहा सेंटिमीटरच्या खाली काही दिसणारच नाही, मग पलीकडचा प्रश्नच नाही. अशी पळवाट काढताना मला स्वतःची लाज वाटली, पण काढली. पित्ताशयात खडा होता, अक्रोडाएवढा, मागे काळी सावली टाकून बसलेला. आवाज त्याच्या पार जात नव्हता. पित्ताशयाची भिंत सुजलेली. प्रोब तिथे टेकवला की दादा ओरडायचा. ऑपरेशन लागणार होतं, आणि लवकर.

इथे थांबता आलं असतं. पण सूज वर चढून श्वासपटलापाशी पाणी जमलंय का, हे बघितल्याशिवाय सर्जन हात लावणार नव्हता. परक्या पेशंटचं मी ते बघितलंच असतं. मी खोलीचं बटण फिरवलं. दहा. चौदा. अठरा.

श्वासपटलाची पांढरी कमान दिसली. पाणी नव्हतं. कमानीच्या अलीकडे यकृत आणि त्यातली एक शीर, फांदीसारखी. पलीकडे त्याच फांदीची नक्कल.

"दादा, श्वास घे," मी म्हणाले. "रोख."

अलीकडची फांदी थांबली. पलीकडची हलत राहिली.

हात तिथेच राहिला. सोड म्हणाले, पुन्हा रोख म्हणाले. का म्हणाले ते आजही सांगता येत नाही. चुकीचं ठरावं म्हणून असेल. दादाने श्वास घेतला आणि रोखला. आणि पलीकडची फांदी थांबली. अगदी आज्ञाधारकपणे. अलीकडची हलायला लागली, वरखाली, सावकाश.

मी स्क्रीनवरून नजर काढून दादाकडे बघितलं. त्याचं पोट हलत होतं. तो माझ्याकडेच बघत होता.

"रोख ना, दादा."

"रोखलाय," तो म्हणाला.

श्वास रोखलेला माणूस बोलू शकत नाही. मी प्रोब उचलला, तो हातातून सुटून केबलला लटकला. मावशींनी कागद दिला. दादाने स्वतःच पोट पुसलं, उठून बसला आणि म्हणाला, आता दुखत नाही.

६

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. दुर्बिणीतून, तासाभरात. सर्जन खूश होता. भूलतज्ज्ञ बाई मात्र बाहेर आल्यावर माझ्याशी बोलायला थांबल्या. डॉक्टरांनी डॉक्टरांना सांगावं तशा सहज आवाजात म्हणाल्या की भूल देताना स्नायू सैल करायचं औषध देतो, मग पेशंट आपला आपण श्वास घेऊ शकत नाही, मशीनने द्यावा लागतो. तुमचे बंधू घेत राहिले. औषध वाढवलं तरी. त्रास काही झाला नाही, पण असं सहसा होत नाही.

"मिनिटाला किती?" मी विचारलं.

त्यांनी जरा विचित्र नजरेने बघितलं. "चौदा," म्हणाल्या. "का हो?"

दादा पाच दिवसांत घरी आला. जखमा सुकल्या, भूक परतली. वहिनी म्हणाली, घोरणंसुद्धा थांबलं, बाई, तीस वर्षांत पहिल्यांदा मला झोप लागतेय. तो मला पूर्वीसारखाच बारके म्हणून हाक मारत होता. जुन्या आठवणी विचारल्या तर सगळ्या बरोबर सांगायचा. कशातच काही चूक नव्हती, आणि म्हणूनच मला कुणापाशी बोलता येत नव्हतं. काय सांगणार होते? माझा भाऊ बरा झालाय, आणि मला ते आवडत नाहीये?

एका दुपारी मी त्याच्या दुकानात गेले. एक जुनं हातघड्याळ उघडून बसला होता. मी शेजारी स्टुलावर बसले. त्याने चिमट्यात स्क्रू उचलला आणि नकळत माझा श्वास रोखला गेला. त्याचा रोखला गेला नाही. शर्ट एका चालीत वरखाली होत होता आणि हात दगडासारखा स्थिर. स्क्रू पहिल्या झटक्यात बसला. त्याने दुसरा उचलला. मी दुकानातून उठले आणि रस्त्यावर येऊन श्वास सोडला.

७

महिन्याने तपासणी करायची होती. त्यासाठी मी त्याला दुसऱ्या सेंटरला पाठवलं, आणि या वेळी तो मुकाट्याने गेला. रिपोर्ट वहिनीने माझ्याकडे आणून दिला. सगळं व्यवस्थित होतं. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती, आम्ही सगळेच कधी ना कधी लिहितो तशी. तपासणीला मर्यादा: सूचना देऊनही रुग्णाने श्वास रोखला नाही.

ती ओळ वाचताना मला दुसरंच आठवलं. त्या दिवशी मी दादाला दोनदा श्वास रोखायला लावला होता. पहिल्यांदा सोड म्हणाले. दुसऱ्यांदा प्रोब उचलला. सोड म्हणालेच नाही.

मी स्वतःला समजावलं. एकोणीस वर्षांत असं शेकडो वेळा झालं असेल, आपण सांगायला विसरतो, माणूस आपला आपण श्वास सोडतो. पलीकडे कुणी नसतं. पलीकडे उशिरा आलेला आवाज असतो, आणि एका भोळ्या मशीनने काढलेलं चित्र. हे मला पाठ होतं. मुलांना शिकवायला जाते तेव्हा याच शब्दांत सांगते. पण ज्याच्यावर भरवसा ठेवून मी लहानाची मोठी झाले, तो माझा दादा आरशाच्या कुठल्या बाजूला आहे, हे एकदा मनात आलं, आणि मग जेवताना, गाडी चालवताना, पेशंटशी बोलताना एकच गोष्ट आठवायची. पलीकडची ती फांदी. किती शहाण्यासारखी थांबली होती. सांगितलं तसं.

८

मी दादाला बोलावून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत, मावशी खाली गेलेल्या असताना. एकदा पुन्हा बघते, एवढंच सांगितलं. तो आला. का म्हणून विचारलं नाही. टेबलावर आडवा झाला, शर्ट वर केला आणि छताकडे बघत राहिला. पूर्वीचा दादा असता तर जेल लागल्यावर त्याने मला चार शिव्या हासडल्या असत्या.

प्रोब टेकवला. खोली अठरा. पांढरी कमान. अलीकडची फांदी वरखाली होत होती. मी मोजलं नाही, मोजायची गरज नव्हती.

पलीकडची फांदी स्तब्ध होती.

मी प्रोब थोडा कलता केला, पुन्हा सरळ केला. चित्र गोठलेलं नव्हतं. करडे कण चमचमत होते, पाण्यावर धूळ तरंगते तसे. फक्त ती फांदी हलत नव्हती. मी रोख म्हटल्याला अडतीस दिवस झाले होते.

"दादा," मी स्क्रीनला म्हणाले. "दादा, सोड. श्वास सोड."

"मी कुठे रोखलाय?" टेबलावरचा माणूस म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. पलीकडे काही झालं नाही, अजूनही काही झालं नाही, मग ती फांदी थरथरली. एकदा. कितीतरी वेळ पाण्याखाली राहिलेला माणूस वर येतो तशी ती उसळली, आणि मग सगळी बाजूच हलायला लागली, वेडीवाकडी, घाईघाईने, श्वासावर श्वास. चौदाची चाल नव्हती ती. कसलीच चाल नव्हती.

"घे," मी म्हणाले. "सावकाश. सोड. घे. मी आहे. सोड."

हळूहळू ते निवलं. सोड म्हटलं की सुटायचं, घे म्हटलं की घ्यायचं. अलीकडे, माझ्या हाताखाली, दुसरी चाल चालूच होती, शांत, बिनचूक. मी रडत होते, पण शब्द चुकू देत नव्हते.

"झालं का?" टेबलावरून विचारणा झाली.

"नाही," मी म्हणाले.

दारावर टकटक झाली. मावशी बाहेरून म्हणाल्या, बाई, दोनचे पेशंट येऊन बसलेत. मी घे म्हणाले, सोड म्हणाले. चित्राच्या डाव्या कडेला काळा पट्टा उतरायला लागला होता. जेल वाळत होतं, त्या बाजूने हवा शिरत होती. पट्टा रुंद होत कमानीपर्यंत आला. नजर न हलवता मी मोकळ्या हाताने मागचं टेबल चाचपलं. जेलची बाटली सापडली. उचलली तर हलकी लागली.

"घे," मी म्हणाले.